विश्लेषण : पती किंवा पत्नीच्या पश्चात पेन्शन कोणाला, किती आणि कशी?

घरातील निवृत्त कर्मचारी गेला की पहिल्या काही दिवसांतच दोन प्रश्न विचारले जातात. ‘पेन्शन आता बंद होणार का?’ आणि ‘नॉमिनी कोण आहे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे असते. दुसरा प्रश्न मात्र इथे गैरलागू ठरतो. कारण मागे राहिलेल्या पत्नीला किंवा पतीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन नॉमिनी ठरवत नाही, ते नियम ठरवतो. असे असूनही अनेक घरांत ही रक्कम सुरू व्हायला महिनोन्‌महिने जातात. हक्क असतो, पण कागद जुळत नाहीत. त्यातच कागद कुठे ठेवलेत हे ज्याला माहीत होते, तोच माणूस आता नसतो. म्हणून हा हक्क नेमका काय आहे आणि तो वेळेवर हाती पडावा यासाठी दोघेही हयात असतानाच काय करून ठेवावे, हे समजून घ्यायला हवे.

कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे काय? ते कधीपासून आहे?

सरकारी कर्मचारी सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर मरण पावला, तर त्याच्या कुटुंबाला दरमहा मिळणारी रक्कम म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन, बोलीभाषेत फॅमिली पेन्शन. केंद्राची आजची योजना १ जानेवारी १९६४ पासूनची आहे. सुरुवातीला ती फुकट नव्हती. तिच्यासाठी कर्मचाऱ्याला आपल्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, साधारण दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम सोडावी लागे. ही अट सप्टेंबर १९७७ मध्ये रद्द झाली. १९६४ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या विधवांना योजनेबाहेर ठेवण्यात आले होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणानंतर त्यांनाही हा लाभ खुला झाला. 

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हा हक्क आता केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, २०२१ मधील नियम ५० मध्ये आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील नियम ११६ लागू होतो. दोन्हींची रचना सारखी आहे, काही आकडे आणि मुदती मात्र वेगळ्या आहेत. पुढील रकमा आणि मुदती केंद्रीय नियमांच्या आहेत. राज्याचा फरक जिथे आहे तिथे तो सांगितला आहे.

मृत्युपत्रात दुसऱ्याचे नाव असेल तर?

तरीही पेन्शन पत्नीलाच किंवा पतीलाच मिळते. रेल्वेतील एका कर्मचाऱ्याचा पत्नीशी बेबनाव होता. त्याने मृत्युपत्र भावाच्या नावे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की कुटुंब निवृत्तिवेतन ही मृत कर्मचाऱ्याची मालमत्ता नाही. ती त्याच्या हयातीत त्याच्या हाती आलेलीच नसते, त्यामुळे मृत्युपत्राने ती कोणाला देताही येत नाही. ती नियमाने थेट कुटुंबाला मिळते.

भविष्य निर्वाह निधी, उपदान, विमा, बँकेतील ठेवी यांचे गणित वेगळे आहे. तिथे नामनिर्देशन महत्त्वाचे असते. लग्नाआधी नोकरी लागलेल्या अनेकांच्या सेवापुस्तकात आजही आईचे किंवा भावाचे नाव नॉमिनी म्हणून असते. ते बदलायला हवे, पण कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नाही, या इतर रकमांसाठी. पेन्शनसाठी लागते ती ‘कुटुंबाच्या तपशिला’ची नोंद. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत आणि बहुतेक घोळ ती एकच समजल्यामुळे होतो.

रक्कम किती असते?

साधा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे. त्यावर वेळोवेळी जाहीर होणारी महागाई वाढ मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रात ही रक्कम दरमहा किमान ९,००० आणि कमाल ७५,००० रुपये आहे. महाराष्ट्रात किमान रक्कम ७,५०० रुपये आहे.

याशिवाय सुरुवातीच्या काही वर्षांसाठी वाढीव दर असतो. तो मूळ वेतनाच्या ५० टक्के आहे. कर्मचारी सेवेत असताना गेला, तर हा दर दहा वर्षे मिळतो. निवृत्तीनंतर गेला, तर सात वर्षे किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. मात्र निवृत्तीनंतरच्या प्रकरणात ही रक्कम मृत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नसते.

उदाहरण घेऊ. समजा, केंद्रीय कर्मचाऱ्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये होते. तो साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्रेसष्टाव्या वर्षी गेला. पत्नीला पहिली चार वर्षे दरमहा ३०,००० रुपये आणि त्यावर महागाई वाढ मिळेल. त्यानंतर १८,००० रुपये आणि महागाई वाढ. तोच कर्मचारी पंचेचाळिसाव्या वर्षी सेवेत असताना गेला असता, तर वाढीव दर सलग दहा वर्षे मिळाला असता.

पूर्वी वाढीव दरासाठी सात वर्षांच्या सलग सेवेची अट होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून केंद्राने ती काढून टाकली. त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच वर्षांत कमावता माणूस गेलेल्या तरुण कुटुंबांना मोठा आधार मिळाला. एक वर्षाची सेवाही झालेली नसेल, पण नेमणुकीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत कर्मचारी पात्र ठरलेला असेल, तरी कुटुंबाचा हक्क शाबूत राहतो.

काही वर्षांनी पेन्शन अचानक कमी का होते?

वरच्या उदाहरणात चार वर्षांनी रक्कम ३०,००० वरून १८,००० वर येते. घरच्यांना हे कोणी सांगितलेले नसेल तर त्यांना वाटते, की बँकेने चूक केली. खरी चूक कधी कधी उलट बाजूने होते. वाढीव दराची मुदत संपल्यावरही बँक जुनीच रक्कम देत राहते. नंतर ती लक्षात आली की जादा गेलेले पैसे पुढच्या पेन्शनमधून वसूल केले जातात. वृद्ध विधवेला हा धक्का मोठा असतो. वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे हे पेन्शनच्या आदेशातच, म्हणजे पीपीओत लिहिलेले असते. ती तारीख घरात कुठेतरी ठळक लिहून ठेवावी आणि त्यानंतरच्या महिन्याचे पासबुक तपासावे.

अनेकांना आणखी एक भीती असते. पतीने निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे अंशराशीकरण केले होते. आता पत्नीच्या पेन्शनमधूनही ती कपात होणार का? नाही. अंशराशीकरणाची कपात मृत व्यक्तीच्या पेन्शनपुरतीच असते. कुटुंब निवृत्तिवेतन पूर्ण दराने मिळते.

वय वाढेल तशी रक्कमही वाढते. केंद्रात कुटुंब निवृत्तिवेतनधारकाला वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते. इथे वय मोजले जाते ते पेन्शन घेणाऱ्या पत्नीचे किंवा पतीचे. तिची जन्मतारीख पीपीओवर नसेल, तर हा लाभ अडकतो.

पत्नी स्वतः नोकरीत असेल तर?

पती किंवा पत्नीच्या हक्काला उत्पन्नाची अट नाही. शिक्षिका असलेली पत्नी आपला पगारही घेऊ शकते आणि पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनही. पुढे ती निवृत्त झाल्यावर तिला स्वतःची पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन अशा दोन्ही रकमा मिळतात. अनुकंपा तत्त्वावर मुलाला नोकरी लागली म्हणून आईची पेन्शन थांबत नाही.

पुनर्विवाहानंतर सर्वसाधारणपणे विधवेचा हक्क संपतो आणि पात्र मुलांकडे जातो. याला एक अपवाद आहे. अपत्य नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केले आणि तिचे इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेल, तर केंद्रीय नियमांनुसार तिची पेन्शन सुरू राहते.

पत्नी किंवा पती नसेल तर क्रम मुलांचा लागतो. अविवाहित मुलगा किंवा मुलगी वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, किंवा त्याआधी कमावू लागेपर्यंत पात्र असते. स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या अपंग अपत्याला हा लाभ हयातभर मिळतो. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी अटींसह पंचविशीनंतरही पात्र ठरू शकते. त्यानंतर अवलंबून असलेले आईवडील येतात. 

लग्न उशिरा झाले, दुसरे झाले किंवा मोडले तर?

निवृत्तीनंतर केलेले लग्नही चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे मान्य केले आहे. मात्र अशा लग्नाची माहिती कार्यालयाला कळवून जोडीदाराचे नाव पीपीओवर चढवून घ्यावे लागते. एकाकी राहिलेले अनेक निवृत्त लोक साठीनंतर लग्न करतात आणि ही नोंद मात्र राहून जाते.

दुसऱ्या पत्नीचा प्रश्न सर्वाधिक वादाचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते. अशा दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. तीस वर्षे एकत्र संसार केला असला तरी नाही. तिच्या मुलांना मात्र कायदा औरस मानतो आणि त्यांना हक्क मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल तसा आहे. ज्या धर्मीयांच्या व्यक्तिगत कायद्यात एकापेक्षा अधिक विवाह वैध आहेत, तिथे विधवांमध्ये रक्कम समान वाटली जाते.

नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नी कायद्याने पत्नीच असते. तिचा हक्क केवळ वेगळे राहिल्याने जात नाही. घटस्फोट झाला की मात्र तो संपतो. पोटगी मिळत होती म्हणून पेन्शनही मिळेल, असे नाही.

दत्तकाबाबत महाराष्ट्रातून गेलेले एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. नागपुरातील एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या निधनानंतर त्याच्या विधवेने मुलगा दत्तक घेतला. त्या मुलाने कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणी केली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पेन्शनपुरते ‘कुटुंब’ हे मृत कर्मचाऱ्याशी जोडलेले असते, त्याच्या पश्चात विधवेने घेतलेल्या दत्तकाचा त्यात समावेश होत नाही, असे न्यायालय म्हणाले.

महिला कर्मचाऱ्यांसाठी काय बदलले?

नियमात ‘पत्नी किंवा पती’ असा समान हक्क आहे. महिला कर्मचारी गेली तर तिच्या पतीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पण पतीशी कोर्टात खटला सुरू असेल तर? छळ करणाऱ्यालाच आपल्या नोकरीची पेन्शन जावी, हे अनेक महिलांना अन्यायाचे वाटत होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने यावर मार्ग काढला. घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात प्रलंबित असेल, किंवा कौटुंबिक हिंसाचार, हुंडाबंदी अथवा फौजदारी कायद्याखाली पतीविरुद्ध प्रकरण दाखल असेल, तर केंद्र सरकारची महिला कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक लेखी विनंती करून पतीऐवजी पात्र मुलांना आधी पेन्शन द्यावी असे सांगू शकते. हा बदल आपोआप लागू होत नाही. हयात असताना लेखी अर्ज केला असेल तरच तो उपयोगी पडतो.

२००४-०५ नंतर नोकरीला लागलेल्यांचे काय?

केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना म्हणजे एनपीएस लागू झाली. तरीही असा केंद्रीय कर्मचारी सेवेत असताना गेला, तर त्याच्या कुटुंबाला जुन्या पद्धतीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय आहे. तो घेतला की खात्यातील सरकारचा वाटा सरकारकडे परत जातो आणि कर्मचाऱ्याची स्वतःची जमा रक्कम कुटुंबाला मिळते. महाराष्ट्रात मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांच्या संपानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही हा लाभ लागू झाला.

निवृत्तीनंतर मात्र एनपीएसमध्ये सारे काही निवडलेल्या ॲन्युइटीवर अवलंबून असते. निवृत्तीच्या वेळी ‘फक्त माझ्या हयातीपर्यंत’ अशी ॲन्युइटी घेतली, तर दरमहा रक्कम थोडी जास्त दिसते, पण जोडीदाराला मागे काही उरत नाही. जोडीदारालाही हयातभर पेन्शन आणि नंतर वारसांना मूळ रक्कम परत, असा पर्यायही असतो. अर्जातल्या एका खुणेवर पत्नीची पुढची वीस वर्षे ठरू शकतात. ती खूण करताना तिला शेजारी बसवावे.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, आणली. पंचवीस वर्षे सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि कर्मचाऱ्याच्या पश्चात तिच्या ६० टक्के रक्कम पती किंवा पत्नीला. ५० टक्क्यांचे ६० टक्के म्हणजे पुन्हा वेतनाचे ३० टक्केच झाले. पण दोन फरक आहेत. निवृत्तीनंतरच्या मृत्यूत जुन्या योजनेसारखा सुरुवातीचा वाढीव दर इथे नाही. आणि हक्क आहे तो निवृत्तीच्या तारखेला जो कायदेशीर जोडीदार असेल त्याचा. निवृत्तीनंतर लग्न करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेल्या सुधारित योजनेतही जोडीदाराला पेन्शनच्या ६० टक्के असेच सूत्र आहे.

एसटी आणि महामंडळांतील कर्मचाऱ्यांचे काय?

‘सरकारी नोकरी’ म्हटले म्हणजे वरील नियम लागू झालेच, असे नाही. एसटीचे चालक-वाहक भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये येतात. तिथे निवृत्त सदस्य गेल्यावर विधवेला किंवा विधुराला त्याच्या पेन्शनच्या ५० टक्के रक्कम मिळते. २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. तीवर महागाई वाढ नाही. सोबत दोन मुलांना पंचवीस वर्षे वयापर्यंत विधवा पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के रक्कम मिळते. एकाच गल्लीत तलाठ्याच्या आणि एसटी चालकाच्या विधवेच्या पेन्शनमध्ये एवढी तफावत का, याचे उत्तर या दोन वेगळ्या योजनांत आहे.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना हक्क आहे का?

आपल्या नियमांत ‘पती’ आणि ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर विवाह झालेले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. अशा जोडप्यांच्या पेन्शनसह इतर हक्कांचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने करावा, असे त्या वेळी ठरले. केंद्राने ती समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली.

ब्रिटनने हा रस्ता आधी चालून पाहिला आहे. तिथे विवाहाखेरीज ‘सिव्हिल पार्टनरशिप’ची, म्हणजे नोंदणीकृत जोडीदारीची, सोय आहे. २००४ च्या कायद्याने ती समलिंगी जोडप्यांसाठी आली आणि डिसेंबर २०१९ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुली झाली. जुलै २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडीदारालाही विवाहित जोडीदाराइतकीच पश्चात पेन्शन मिळायला हवी, असा निकाल दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर आयर्लंडमधील आणखी एक प्रकरण गाजले. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या महिलेला, जोडीदाराने नामनिर्देशनाचा अर्ज भरला नव्हता या कारणाने सार्वजनिक सेवेतील पेन्शन नाकारली गेली होती. नाते सिद्ध झालेले असताना केवळ एका अर्जाअभावी हक्क नाकारणे भेदभावाचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. कागद नाही म्हणून हक्क बुडण्याचा प्रश्न तिथेही होता. तो सुटायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आपल्याकडे सर्वाधिक अडचण कुठे येते?

नावात. लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलण्याची रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सेवापुस्तकात सासरचे, आधारवर तिसरेच आणि बँकेत आद्याक्षरे. नवरा हयात असेपर्यंत या फरकाने काही अडत नाही. तो गेल्यावर मात्र ‘ही चारही नावे एकाच बाईची’ हे तिलाच सिद्ध करावे लागते.

दुसरी अडचण लग्नाच्या पुराव्याची. साठी-सत्तरीतल्या जोडप्यांच्या लग्नाची नोंदणी बहुधा झालेलीच नसते. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि जुन्या लग्नाचीही नोंदणी करता येते. दोघे हयात असतील तर हे काम ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. एक जण गेल्यावर तेच काम अवघड होऊन बसते.

मृत्यूनंतर लगेच काय करावे?

मृत्यूची माहिती बँकेला, आणि राज्य कर्मचाऱ्याच्या बाबतीत कोषागारालाही लवकर द्यावी. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालयाकडे असते. मृत व्यक्तीची पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. त्यानंतर चुकून जमा झालेली जुनी पेन्शन एटीएममधून काढू नये. ती परत करावीच लागते.

निवृत्तीनंतरच्या मृत्यूत पत्नीचे नाव पीपीओवर असेल, तर काम सोपे असते. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, ओळखीचा आणि वयाचा पुरावा, बँक खात्याचा तपशील आणि जादा रक्कम आल्यास परत करण्याचे हमीपत्र एवढे पुरते. नाव नोंदलेले असताना कोणी वारस प्रमाणपत्र मागितले, तर कोणत्या नियमाने ते लेखी विचारावे. दोघांचे संयुक्त खाते असेल तर त्याच खात्यात पेन्शन सुरू राहू शकते. मात्र संयुक्त खाते सक्तीचे नाही.

सेवेत असताना मृत्यू झाला तर अर्ज कार्यालयाकडे जातो. अंतिम मंजुरीला वेळ लागणार असेल तर तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याची तरतूद आहे, ती मागून घ्यावी. कर्मचारी बेपत्ता असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवल्यापासून सहा महिन्यांनी केंद्रीय नियमांनुसार कुटुंबाला अर्ज करता येतो; सात वर्षे थांबावे लागते हा समज इथे चुकीचा आहे.

केंद्रीय पेन्शनबाबतची तक्रार सीपेनग्राम्स या पोर्टलवर करता येते. राज्याच्या पेन्शनची मंजुरी मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून येते आणि पैसे जिल्हा कोषागार देते. त्यामुळे अडलेले काम नेमके कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी विचारून घ्यावे.

दरवर्षी काय करावे लागते?

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय पेन्शनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आहे आणि आता चेहरा ओळखून मोबाइलवरूनही दाखला देता येतो. पोस्टमनला घरी बोलावूनही हे काम होते. पुनर्विवाहाबाबतची माहितीही त्यातच विचारली जाते, ती खरी भरावी.

प्राप्तिकरात कुटुंब निवृत्तिवेतन पगारात मोजले जात नाही, ते ‘इतर उत्पन्न’ ठरते. त्यामुळे पगार आणि पेन्शनवरची प्रमाणित वजावट यावर मिळत नाही. त्याऐवजी रकमेच्या एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी जे कमी असेल तेवढी वजावट मिळते. ही मर्यादा जुन्या करप्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत २५,००० रुपये आहे.

आज घरी काय तपासावे?

कपाटातून पीपीओ काढा. त्यावर पत्नीचे किंवा पतीचे नाव आहे का, स्पेलिंग आधारशी जुळते का, जन्मतारीख आहे का, हे पाहा. अपंग मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याची नोंद आहे का, तेही पाहा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज पेन्शनधारकाने स्वतः द्यावा, पोच घ्यावी. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. विवाह नोंदणी नसेल तर करून घ्यावी. अजून नोकरीत असाल तर सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील आणि एनपीएसमधील नामनिर्देशन पुन्हा वाचा.

आणि या सगळ्या कागदांचा एक संच फाइलमध्ये, त्यांचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. बँकेची शाखा कोणती, पीपीओ क्रमांक काय आणि कोणत्या कार्यालयात जायचे, हे जोडीदाराला एकदा नीट समजावून सांगा. घरात हा विषय काढणे अवघड जाते, अशुभही वाटते. पण हक्क कायद्याने आधीच दिलेला आहे. तो पहिल्या महिन्यात हाती पडणार की वर्षभराच्या हेलपाट्यांनंतर, एवढे ठरवणे अजून दोघांच्या हातात आहे.